टाच दुखत असताना पहिली मॅरेथॉन: नाशिककर नवख्यांसाठी

सकाळी उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकवलं की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या की ती ओसरते आणि दिवसभर उभं राहून संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. तुमचं असंच होत असेल आणि पहिल्या मॅरेथॉनची फीही भरून झाली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी लिहिला आहे. मी शिक्षिका आहे, इंदिरानगरला राहते. माझी पहिली ४२.१९५ किलोमीटरची शर्यत मी हीच टाच सांभाळत मुंबईत पूर्ण केली. चार-पाच महिन्यांत जे शिकले ते क्रमाने सांगते.

दुखणं कसं आलं ते आधी सांगते, कारण बहुतेकांचं असंच येतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, मी गंगापूर रोडने १८ किलोमीटर धावले. तोवरची ती माझी सगळ्यात लांब धाव होती. त्याच रात्री मैत्रिणींबरोबर त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले. सुमारे २० किलोमीटर, अनवाणी, पावसाने भिजलेल्या खडीवरून. फेरी मी बरीच वर्षं करत होते, त्यामुळे तिची भीती नव्हती. पण आदल्या सकाळी १८ किलोमीटर धावलेले पाय घेऊन ती कधी केली नव्हती. मंगळवारी सकाळी मी भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच तोलून धरतो. त्याच्यावर एकदम जास्त भार आला की टाचेकडचं त्याचं टोक दुखावतं. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सगळ्यात वाईट. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

पायरी पहिली: दुखणं कोणतं, हे आधी नक्की करून घ्या

टाचदुखी म्हटलं की घरोघरी एकच निदान तयार असतं, 'हाड वाढलंय.' एक्स-रेत टाचेखाली काटा दिसतोही. पण असा काटा कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडतो. त्यामुळे फक्त काटा दिसला म्हणून धावणं कायमचं संपलं असं समजू नका.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर त्या दिवसापासून धावणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून दाबली आणि जोरात कळ आली, तर हाडाला सूक्ष्म भेग असण्याची शक्यता असते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ठणका लागणं, सूज येणं, मुंग्या येणं किंवा बधिरपणा, धावताना 'टक्' असं काही तुटल्यासारखं वाटणं, ही लक्षणंही तशीच. दोन्ही टाचा एकदम दुखत असतील आणि सकाळी अर्धा तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहत असेल, तर वाताच्या तपासण्या करून घ्या. लंगडत धावायचं नाही, हा नियम सगळ्यांनाच लागू. लंगडत धावणाऱ्याचा दुसऱ्या पायाचा गुडघा महिन्याभरात बोलायला लागतो.

शर्यत जवळ आली म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का, असं मला खूप जण विचारतात. त्याने काही आठवडे बरं वाटतं, हे खरं. पण तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका त्यात असतो. निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या, मात्र मॅरेथॉनची तारीख गाठण्यासाठी घेऊ नका.

पायरी दुसरी: सकाळ सुधारा

पहिले दोन आठवडे मी अजिबात धावले नाही. तेवढ्यात तीन गोष्टी अंगवळणी पाडल्या.

पलंगावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने ओढून दहा सेकंद धरा आणि सोडा. असं दहा वेळा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवलात तर पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो. हे झाल्यावरच पाय खाली टाका.

पाण्याची अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली फ्रीजरमध्ये ठेवा. संध्याकाळी ती सुती पंचात गुंडाळून पायाखाली पाच-सात मिनिटं मागेपुढे फिरवा. माझ्या वह्या तपासणं आणि बाटली फिरवणं एकाच वेळी चालायचं.

तिसरी गोष्ट चपलेची. आपल्या घरांत अनवाणी वावरायची पद्धत आणि खाली शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्स. दुखऱ्या टाचेला दिवसभर ही फरशी सोसत नाही. मी फक्त घरासाठी जाड, मऊ तळव्याची, कमानीला आधार देणारी चप्पल आणली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वयंपाकघरात चप्पल?" मी म्हटलं, "आई, ही कधीच दाराबाहेर जाणार नाही." दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी देवघरासमोर सतरंजीची चौपदरी घडी दिसली. "पूजेला चप्पल काढशील तेव्हा यावर उभी राहा, गार फरशीवर नको." त्या घडीचे उपकार मी विसरणार नाही.

याच काळात नवरात्र येतं. नऊ दिवस अनवाणी राहण्याचा किंवा वणीच्या गडावर पायी जाण्याचा नेम तुमच्या घरात असेल, तर या वर्षी देवीची क्षमा मागून तो पुढे ढकला. मी तेच केलं. कोणी म्हणेल, आपल्या कविता राऊत तर सावरपाड्यात अनवाणी धावत मोठ्या झाल्या आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. त्यांची पावलं लहानपणापासून डोंगरवाटांवर घडली होती. चाळिशीपर्यंत चपला-बुटांत वाढलेल्या पावलांनी चार महिन्यांत तसं व्हायचा हट्ट धरू नये.

पायरी तिसरी: टाच उचलण्याचा व्यायाम

ताण आणि बर्फ यांनी दुखणं शांत होतं. पट्टा भार घ्यायला शिकतो तो व्यायामाने. नवखे लोक हीच पायरी कंटाळा करून सोडतात. माझ्या फिजिओने शिकवलेला व्यायाम जसाच्या तसा सांगते.

जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून उभं राहायचं, टाचा हवेत. एका पंचाची घट्ट गुंडाळी करून ती दुखऱ्या पायाच्या बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि पट्टा ताणात येतो. भिंतीला हात. आता तीन सेकंद मोजत टाच वर, वर दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद मोजत खाली. बारा वेळा झालं की एक फेरी, अशा तीन फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर करा. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा, रोज नाही.

दोनेक आठवड्यांनी बारा वेळा सोपं वाटायला लागलं की पाठीवर दप्तर घ्या, त्यात पुस्तकं भरा आणि दहाच्या चार फेऱ्या करा. पुढे वजन वाढवून आठच्या पाच फेऱ्या. मी पाचवीच्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली आणि डिसेंबरात १२ किलोपर्यंत गेले. व्यायाम करताना थोडं दुखतं, ते चालतं. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तो दुखणं सुरू झाल्या झाल्या हाती घ्यायचा.

पायरी चौथी: वही

सगळ्या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. आजची धाव पायाला झेपली की नाही, याचं उत्तर धावताना मिळत नाही. ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या पावलाला मिळतं.

धावताना पाय गरम होतो आणि कळ दबते. म्हणून दोन किलोमीटरनंतर "आता मोकळं झालं" असं वाटतं आणि आपण वाढवत जातो. मी एक दुरेघी वही केली होती. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे, तीन वेळा: धावताना, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर. ऑक्टोबरातल्या दोन नोंदी अशा आहेत:

कृषीनगर ट्रॅक, ६ किमी. धावताना २. संध्याकाळी ३. सकाळी ३.

गंगापूर धरणाकडे, १४ किमी. धावताना १. संध्याकाळी ३. सकाळी ६.

धावतानाचा आकडा दुसऱ्या नोंदीत कमी आहे आणि नुकसान मात्र त्याच धावेने जास्त झालं. वही नसती तर ती १४ ची धाव मी उत्तम म्हणून लक्षात ठेवली असती आणि पुढच्या रविवारी १६ धावले असते.

वहीवरून निर्णय असे करायचे. सकाळचा आकडा नेहमीइतकाच किंवा कमी आणि तीनच्या आत, तर ठरल्याप्रमाणे पुढे जा. चार किंवा पाच आला तर पुढची धाव अर्धी करा. सहा किंवा त्याहून जास्त असेल, तर आकडा पुन्हा तीनवर येईपर्यंत धावणं बंद, फक्त सायकल. लागोपाठ दोन आठवडे आकडे चढत असतील तर फिजिओकडे जा, आणि जाताना वही बरोबर न्या. "बरंच दुखतं" या उत्तरापेक्षा त्यांना त्या पानांतून कितीतरी जास्त कळतं.

पायरी पाचवी: परत धावायला लागणं

अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशीचा आकडा तीनच्या आत राहिला की धावायला सुरुवात करा. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. मग दोन-एक, मग चार-एक. आठवड्यात तीनच धावा, मध्ये किमान एक दिवस सुट्टी.

जागा विचार करून निवडा. कृषीनगरचा आणि गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक सुरुवातीला उत्तम, कारण जमीन मऊ आणि सपाट. मात्र छोट्या गोल ट्रॅकवर एकाच दिशेने पंचवीस फेऱ्या मारल्या की एकाच पायावर वळणाचा भार येतो, म्हणून मध्ये दिशा बदला. दहाच्या पुढच्या धावांसाठी सोमेश्वरवरून गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता चांगला. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून अगदी कडेने धावू नका. पहाटे वाहनं दिसतील अशा बेताने समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने धावा आणि डिसेंबरच्या अंधारात छातीवर दिवा लावा. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि अंजनेरीकडचा त्र्यंबक रोडचा चढ या मोसमात सोडून द्या. चढावर चवड्यांवर आणि पोटऱ्यांवर जो ताण येतो, तो थेट त्या पट्ट्याला लागतो.

शूजबद्दल थोडक्यात. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना दुकानात जा, दोन्ही पायांत घालून बघा, पुढे अंगठाभर जागा हवी. टाच चवड्यापेक्षा थोडी उंच असलेले शूज या दुखण्यात बरे पडतात, अगदी सपाट तळव्याच्या शूजचा प्रयोग आत्ता नको. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड थकतो. शर्यतीत जो घालणार त्यात किमान दोन लांब धावा झालेल्या असाव्यात.

धावणं कमी झालं तरी दम टिकवायचा असतो. त्यासाठी सायकल. आपल्या गावाला ते नवीन नाही. २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम ही सायकल शर्यत पूर्ण करणारी पहिली भारतीय जोडी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, नाशिकचेच. मी आठवड्यातून दोनदा तासभर सायकल चालवायचे. पॅडल चवड्याऐवजी पायाच्या मधल्या भागाने मारलं की टाच सुखी राहते. पोहता येत असेल तर तेही उत्तमच.

पायरी सहावी: लांब धावा, चालत-धावत

नवख्यांना चालायची लाज वाटते. ती सोडा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी मॅरेथॉनमध्ये ठरवून चालण्याची पद्धत हजारो लोकांना शिकवली. दमल्यावर चालायचं नसतं, पहिल्या किलोमीटरपासून घड्याळ लावून चालायचं असतं.

हिशेब करून बघा. साडेसात मिनिटांत एक किलोमीटर या वेगाने चार मिनिटं धावलात आणि साडेदहाच्या वेगाने एक मिनिट झपझप चाललात, तर सरासरी आठ मिनिटांच्या जरा आत येते आणि मॅरेथॉन साधारण ५ तास ३६ मिनिटांत होते. न थांबता साडेसातच्याच वेगाने धावलात तर ५ तास १६ मिनिटं. फरक वीस मिनिटांचा. त्या वीस मिनिटांत टाचेला साठहून अधिक वेळा विसावा मिळतो. आपल्या शर्यतीचा कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायला दिलेली जास्तीत जास्त वेळ, नियमांत बघा आणि त्यात अर्धा तास हाताशी राहील असा वेग ठरवा.

लांब धाव दर आठवड्याला वाढवू नका, एक आठवडा वाढवा आणि पुढच्या आठवड्याला कमी करा. माझ्या रविवारच्या धावा अशा होत्या: १२, १६, १२, २०, १४, २४, १६, २८, आणि मग उतरती. ३२ चा आग्रह मी धरला नाही. २८ किलोमीटर आणि निरोगी टाच घेऊन उभं राहणं मला ३२ आणि दुखऱ्या टाचेपेक्षा बरं वाटतं. खाण्याची तालीमही याच धावांत करा. अंगात साठवलेली साखर तीस किलोमीटरच्या आसपास संपायला येते, म्हणून पाऊण तासानंतर थोडं थोडं खात राहायचं. मला खजूर आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मानवलं.

पायरी सातवी: थांबायचं कधी, हे आधीच लिहून ठेवा

शर्यतीच्या आठवड्यात आपण शहाण्यासारखा विचार करत नाही, म्हणून हे दोन महिने आधी लिहा आणि घरातल्या कोणाच्या तरी हाती द्या. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असं होतं: आठ आठवडे आधी १६ किलोमीटर होऊन सकाळचा आकडा चारच्या आत नसेल तर शर्यत बदलून हाफ, म्हणजे निम्म्या अंतराची मॅरेथॉन, घ्यायची. चार आठवडे आधी २४ झाले नसतील तरी तेच. शेवटच्या आठवड्यात लंगड असेल तर जायचंच नाही. त्या कागदावर मी सही केली आणि तो नवऱ्याकडे दिला. जानेवारीत त्याने तो दोनदा बाहेर काढला आणि ते योग्यच होतं. शर्यत पुढच्या वर्षीही असते. गंगापूर रोडवर तर चौकाचंच नाव मॅरेथॉन चौक आहे, धावायला निमित्त या गावात कमी पडत नाही.

पायरी आठवी: शर्यतीचे दोन दिवस

शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर उतरवत न्या. टाच उचलण्याचा व्यायाम शर्यतीच्या पाच दिवस आधी थांबवा. फिजिओकडून तळव्याला टेप लावून घ्यायचा असेल तर तो आधी एका लांब धावेत लावून बघा, काहींच्या कातडीला त्याने फोड येतात.

मुंबईला आदल्या दिवशी पोचल्यावर बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, घ्यायच्या गर्दीत दोन-तीन तास उभं राहावं लागतं. टाचेचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आपलं काम करा आणि बाहेर पडा. आणखी एक फरक लक्षात ठेवा. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, हवा कोरडी. मुंबईत उबारा आणि दमटपणा. घाम खूप येतो आणि सुकत नाही. पहिले दहा किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा थोडं हळूच धावा. पाणी तहानेप्रमाणे आणि मिठासकट प्या, नुसतं पाणी भरमसाट पिण्यानेही रक्तातलं सोडियम धोकादायक उतरतं.

धावण्यापूर्वी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय टाच ओरडून जे सांगते ते ऐकूच येत नाही. माझ्या शेजारी धावणाऱ्या एका ताईंनी पंचविसाव्या किलोमीटरला मला पट्टीतून गोळी काढून दिली, मायेने. मी नको म्हटलं आणि त्यांनाही नको म्हटलं. पुढचे तीन किलोमीटर आम्ही बोलत बोलत चार-एकनेच गेलो.

मी धावले त्या वर्षी परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ होता. तो चढ मी अख्खा चालले. तिथे टाचेचा आकडा चार होता, चढ संपेपर्यंत चारच राहिला, तेव्हा उतारावर पुन्हा धावायला लागले. तुम्हीही शर्यतीत दर पाच किलोमीटरला स्वतःला आकडा विचारायची सवय ठेवा. पाचच्या पुढे गेला आणि चालूनही उतरेना, किंवा चाल बदलायला लागली, तर पुढच्या वैद्यकीय मदत केंद्रावर थांबायचं.

अंतिम रेषेनंतर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. शूज काढले की मऊ चप्पल घाला, ती पिशवीत आधीच ठेवलेली असू द्या. गाडीत कसाऱ्याच्या घाटापर्यंत पाय आखडतात, म्हणून बसल्या जागी घोटे फिरवत राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावरच बोटं दहा वेळा ओढली आणि पाय खाली टाकला. मांड्या इतक्या दुखत होत्या की टाच शोधावी लागली. वहीत लिहिलं: ४. बुधवारी ३ झाला. त्यानंतर दोन आठवडे धावले नाही, फक्त चालले. पाचव्या दिवशी पंचाची गुंडाळी पुन्हा पायरीवर ठेवली आणि पुस्तकांशिवाय बाराच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात केली.